वीस मिनिटांचा संपादक

सुरेंद्र प्रताप सिंह यांची टीव्हीवरची कारकीर्द धड दोन वर्षांचीही नाही. जुलै १९९५मध्ये दूरदर्शनच्या मेट्रो वाहिनीवर ‘आज तक’ सुरू झालं आणि जून १९९७मध्ये ते गेले. तरी हिंदी टीव्ही पत्रकारितेचा विषय निघाला की ‘एसपीं’चं नाव घेतल्यावाचून कुणी पुढे सरकत नाही.

खरं तर हा गडी छापखान्याचा. जन्म १९४८चा, उत्तर प्रदेशातल्या कुटुंबातला, वाढले कलकत्त्याकडे. पत्रकारितेची धुळाक्षरं मात्र मुंबईत गिरवली. टाइम्स समूहात उमेदवारी करून ते धर्मवीर भारतींच्या ‘धर्मयुग’मध्ये लागले. १९७७मध्ये कलकत्त्याच्या आनंदबाजार समूहाने ‘रविवार’ साप्ताहिक काढलं, त्याची सूत्रं हाती आली तेव्हा त्यांनी तिशीही गाठली नव्हती. हिंदी साप्ताहिक म्हणजे कथा, कविता आणि वाङ्मयीन चर्चा, ही घडी त्यांनी विस्कटली. वार्ताहरांना थेट गावांत धाडलं. राजकारण, भ्रष्टाचार आणि जातीय अत्याचारांच्या बातम्या मुखपृष्ठावर आणल्या. पुढे ‘नवभारत टाइम्स’. आधी मुंबईत, मग दिल्लीत. १९९०मध्ये मंडल आयोगावरून उत्तर भारत पेटला असताना ते आरक्षणाच्या बाजूने उभे राहिले.

मग आला टीव्ही. ‘आज तक’ची निर्मिती इंडिया टुडे समूहाची, वेळ दूरदर्शनने दिलेली, तीही जेमतेम वीस मिनिटांची. मुंबई-दिल्लीत मेट्रो वाहिनी केबलविना, गच्चीवरच्या अँटेनावरही दिसायची, त्यामुळे कार्यक्रम घरोघरी पोचला. सरकारी बातमीपत्रातली जडजंबाल हिंदी एसपींनी बाजूला ठेवली. ते बातमी वाचत नसत, सांगत. मधूनच एखादी तिरकस टिप्पणी आणि शेवटी ठरलेला निरोप: ‘ये थीं खबरें आज तक, इंतजार कीजिए कल तक.’ लोक तो सहज बोलता बोलता वापरू लागले.

२१ सप्टेंबर १९९५ला गणपती दूध पितो अशी आवई उठली. देशभर देवळांपुढे रांगा लागल्या, दुधाची टंचाई झाली. पडद्यावर चमत्कार दाखवून मोकळं होणं सगळ्यात सोपं होतं. ‘आज तक’चा कॅमेरा मात्र एका चांभारापाशी गेला. ज्या लोखंडी ऐरणीवर तो बूट उलटा घालून खिळे ठोकतो, तिला चमच्याने दूध लावलं. ऐरणही दूध प्यायली! पृष्ठताणाचा धडा शाळेत कंटाळा करून शिकलेल्यांनाही तो त्या रात्री कळला.

१३ जून १९९७ला दिल्लीतल्या उपहार चित्रपटगृहात ‘बॉर्डर’चा खेळ चालू असताना आग लागली आणि ५९ जण दगावले. एसपींनी ही बातमी दिली, आणि त्यानंतर काही दिवसांतच मेंदूतल्या रक्तस्रावाने ते कोसळले. २७ जूनला त्यांचं निधन झालं. वय अवघं ४८.

‘आज तक’ २०००च्या अखेरीस चोवीस तासांची वाहिनी झाली. एसपींच्या हाताखाली घडलेले आशुतोष, दीपक चौरसिया असे कितीतरी चेहरे हिंदी वाहिन्यांवर मिरवू लागले. आता वेळ भरपूर होती. चोवीस तास भरायचे म्हणून हिंदी वाहिन्यांनी भूतबंगले, नाग-नागिणी आणि ज्योतिषीही पडद्यावर बसवले. ऐरणीवर दूध ओतून पाहणारा बातमीदार तिथे क्वचितच दिसला.