शेठ, तुमच्याकडं माणसं किती?

वडीगोद्रीच्या चौकात बीड-संभाजीनगर हायवेला अंबडमार्गे आलेला जालन्याचा रस्ता मिळतो. तिथं एका गाळ्यात मी संध्याकाळी बसते. दिवसभर अंबडच्या कोर्टात वकिली, संध्याकाळी इथं. येणारे बहुतेक मालक मंडळी असतात: पेट्रोलपंपवाले, जिनिंगवाले, ढाबेवाले, खासगी दवाखान्याचे डॉक्टर, एखाद्या शाळेचे संस्थाचालक. कामं जागेच्या वादाची, चेक बाउन्सची. चहा झाला की मी आपला एक प्रश्न टाकते, "शेठ, तुमच्याकडं माणसं किती?"

कुणी सहा सांगतो, कुणी आठ. नऊच्या वर कुणी जात नाही. कारण दहा झाली की कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा अंतर्गत समिती नेमायला लावतो, एवढं व्हॉट्सअ‍ॅपवर वाचलेलं असतं. मग मी कागद पुढं ओढते. झाडणारी मावशी धरली का? "ती तर तासभरच येती." रात्रीचा वॉचमन? "तो एजन्सीचा." हमाल? "मुकादमाचे." शिकायला आलेली पोरगी? "तिला पगारच नाही." कायद्याच्या व्याख्येत हे सगळे बसतात. रोजंदारीवरचे, हंगामी, ठेकेदारामार्फत आलेले, शिकाऊ, बिनपगारी, सगळेच. ठेकेदाराचा माणूस मूळ मालकाला ठाऊक नसला तरी धरायचा. आणि मोजायची ती सगळी माणसं, फक्त बायका नव्हे. दहांत बाई एकच असली तरी समिती लागतेच.

"ताई, हे पुण्या-मुंबईच्या कंपन्यांचं असतंय. आपल्याकडं कुठं असलं?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, की त्यावर मी आता भटेरीचीच गोष्ट सांगते. भटेरी हे राजस्थानातलं खेडं. तिथं भंवरीदेवी सरकारी योजनेत मानधनावर 'साथिन' म्हणून काम करायच्या. आपल्याकडच्या आशाताई करतात तसं, घरोघर फिरून. एक बालविवाह थांबवायला त्या गेल्या, आणि 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. त्यानंतर विशाखा आणि इतर संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. 13 ऑगस्ट 1997 च्या निकालानं मालकांवर पहिल्यांदा जबाबदारी टाकली. म्हणजे या कायद्याचं मूळ एअर कंडिशन ऑफिसात नाही, खेड्यातल्या मानधनावरच्या बाईच्या कामात आहे. पुढं त्या निकालाची अंमलबजावणी होत नाही, हे पुण्याच्या मेधा कोतवाल-लेले यांनी न्यायालयापुढं नेलं. 2012 मध्ये त्यांच्या याचिकेवर निकाल आला, आणि 9 डिसेंबर 2013 पासून कायदा लागू झाला.

खरोखरच माणसं दहाच्या आत असली तर? तेव्हा मालक खूश होतो. मला त्याचा आनंद मोडावा लागतो. समितीची सक्ती नाही, कायदा मात्र आहेच. अशा ठिकाणच्या बाईची तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं जाते. जालन्याला कसं जाणार, हा प्रश्न तिला पडू नये म्हणून तालुक्याला नोडल अधिकारी नेमायचा असतो. त्यानं तक्रार घेऊन सात दिवसांत समितीकडं पोचवायची. आणि तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर माणसं दहा असोत की दोनशे, ती स्थानिक समितीकडंच जाणार. इथं चहाचा कप खाली ठेवला जातो.

समिती करायची म्हटली की पहिली सूचना येते, "मिसेसला अध्यक्ष करू." मी नको म्हणते. अध्यक्ष वरिष्ठ पदावरची कर्मचारी बाई हवी, निम्म्याहून कमी बायका चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरचा, महिलांसाठी काम करणाऱ्या संस्थेतला. या बाहेरच्या सदस्याला नियमांत दिवसाचा भत्ता आहे 200 रुपये. खुरपणीचा रोजही आता याहून जास्त आहे, पण ते असो. नेमणूक लेखी आदेशानं करायची आणि समितीची माहिती भिंतीवर लावायची. "बोर्ड लावला की उगं बोभाटा व्हतो," असं एकजण म्हणाला होता. बोर्ड न लावणं, समिती न नेमणं यासाठी 50,000 रुपयांपर्यंत दंड आहे. दुसऱ्यांदा सापडलात तर दुप्पट, आणि परवानाही जाऊ शकतो.

आमच्या भागात खरी अडचण पुढं येते. तक्रार झाली की चार मोठी माणसं पारावर नाहीतर शोरूमच्या मागच्या खोलीत बसतात, बाईच्या दिराला किंवा बापाला बोलावतात, हातावर काही रक्कम ठेवतात, 'मिटलं' म्हणतात. बाईला कुणी विचारत नाही. कायद्यात समेट आहे, पण तो तिनं मागितला तरच, आणि पैशाच्या बोलीवर मुळीच नाही. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, योग्य कारण असेल तर आणखी तीन. तिला लिहिता येत नसेल तर लिहून देणं समितीचंच काम. चौकशी चालू असताना तिला तीन महिन्यांपर्यंत रजा मिळू शकते. पोलिसांत जायचं असेल तर मालकानं मदत करायची, अडवायचं नाही.

दुसऱ्या टोकाचेही मालक भेटतात. "त्याला आजच काढून टाकतो, फाइल बंद." तेही नको. गोवा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं 12 मे 2023 रोजी घाईची चौकशी रद्द ठरवली. आरोप असलेल्याला बाजू मांडायची पुरेशी संधी मिळाली नव्हती. अशा उतावीळपणात नुकसान तक्रारदार बाईचंही होतं, तिला सगळं पहिल्यापासून भोगावं लागतं. कायद्यानं चौकशीला नव्वद दिवस दिलेत, ते वापरावेत. आणि आरोप सिद्ध झाला नाही म्हणजे बाई खोटी, असं कायदा म्हणत नाही.

मजुरीचं तर विचारूच नका. एकाच रानात, त्याच कामाला गड्याला एक भाव आणि बाईला दुसरा. 1976 पासून हे बेकायदा आहे, आता ती तरतूद वेतन संहितेत आली. ऊसतोडीत मोजणीच निराळी: नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल त्याच्या नावावर. ती मोळ्या बांधते, डोक्यावर वाहते, गाडी भरते, आणि मुकादमाच्या वहीत मात्र नसते.

मागच्या हंगामात एका गुऱ्हाळवाल्याला हे सांगितल्यावर तो बोटांवर मोजू लागला. "मग ताई, एका कोयत्याचे दोन धरायचे?" दोन धरा, म्हटलं. तेरा भरले. वरिष्ठ पदावरची बाई त्याच्याकडं नाही, पण अशा वेळी दुसऱ्या संस्थेतली नेमायची मुभा आहे. शहागडकडच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका तयार झाल्यात. आदेशाचा मसुदा मी लिहून दिलाय, त्याची सही तेवढी राहिलीय.