हरेगावला बाबासाहेब काय बोलले?

परवा संध्याकाळी मेथी निवडत बसले होते, तर शेजारची नववीतली मुलगी धापा टाकत आली. "काकू, शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे. मला बाबासाहेबांच्या हरेगावच्या भाषणावर बोलायचंय. पण ते भाषणच कुठं मिळत नाहीये!"

हरेगाव म्हणजे आपल्या श्रीरामपूर तालुक्यातलं. १६ डिसेंबर १९३९ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथं वतनदारांच्या परिषदेला आले होते. महार वतनाच्या जमिनींवर सरकारने वाढवलेला कर हा तेव्हाचा मोठा प्रश्न होता. या मुलीची पणजी त्या परिषदेला गेली होती, भाकरी फडक्यात बांधून. घरात ही गोष्ट अजून सांगतात.

"मोबाइलवर शोधलंस का?" मी विचारलं.

"शोधलं ना! तीन ठिकाणी तीन वेगळी वाक्यं. खाली नाव बाबासाहेबांचं. कुठं बोलले, कधी बोलले, काहीच नाही. बाईंनी विचारलं तर काय सांगू?"

पोरीचा प्रश्न बरोबर होता. आपल्यालाही रोज सकाळी असे 'सुविचार' येतात, आणि आपण ते बिनदिक्कत पुढे ढकलतो!

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी एका वाचनालयात गेलो. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांच्या लेखनाचे आणि भाषणांचे खंड काढले. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्याची कितीतरी वर्षं दिली. मराठी भाषणं १८ व्या खंडात आहेत, तीन भागांत. १९३९ म्हणजे दुसरा भाग. तिथं पहिला भाग होता, तिसरा होता, नेमका दुसरा नव्हता. "विकत घ्यायचा तर?" "छापलेलाच मिळत नाही हो ताई," असं उत्तर आलं.

परत येताना मुलीने विचारलं, "काकू, यांची भाषणं कुणाच्या मालकीची असतात का?"

असतात. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात जाहीर भाषणाचा हक्क बोलणाऱ्याकडे असतो. मांडव घालणाऱ्याकडे नाही, की माईक लावणाऱ्याकडे नाही. बोलणाऱ्याच्या मृत्यूनंतर तो ६० वर्षं वारसांकडे राहतो, आणि ही वर्षं पुढच्या १ जानेवारीपासून मोजतात. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. म्हणजे त्यांचे शब्द १ जानेवारी २०१७ पासून तुमचे-माझे, सगळ्यांचे झाले. गांधीजींचे २००९ पासून. आणि ज्यांनी आपल्या नगरच्या भुईकोट किल्ल्यात कैदेत असताना १९४४ मध्ये 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, त्या पंडित नेहरूंचे २०२५ पासून.

परदेशात तर यावरून कोर्टकचेऱ्या झाल्या. अमेरिकेत मार्टिन ल्यूथर किंग यांनी १९६३ मध्ये लाखोंच्या समोर केलेलं भाषण एका टीव्ही कंपनीने वापरलं, तर वारसांनी दावा लावला. भाषण चारचौघांत झालं म्हणून हक्क सुटत नाही, असं कोर्टाने १९९९ मध्ये म्हटलं. पुढे २०१४ मध्ये त्यांच्यावर 'सेल्मा' हा सिनेमा आला. त्यात त्यांची खरी भाषणं घेता आली नाहीत, त्यांच्यासारखी वाटतील अशी नवी लिहावी लागली. नवल वाटतं ना?

आपल्याकडचं दुखणं मात्र वेगळं आहे. बाबासाहेबांच्या शब्दांना आता कुलूप नाही, पण पुस्तकच हाताला लागत नाही. या खंडांची छपाई रखडल्याची बातमी वाचून डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली होती. नऊ लाख प्रती छापायचं ठरलं, कोट्यवधींचा कागद घेतला, आणि छापल्या गेल्या जेमतेम ३३ हजार, असं त्या बातमीत होतं. इंग्रजी खंड सरकारी संकेतस्थळांवर वाचता येतात. पण श्रीरामपूरच्या, नेवाशाच्या, पाथर्डीच्या मुलीला मराठीच हवं ना?

मैत्रिणींनो, आपल्याला याचं काय, असं म्हणू नका. आपल्यासाठीच तर कितीतरी बोललं गेलंय. २० जुलै १९४२ ला नागपूरला दलित महिलांची मोठी परिषद झाली. समाज किती पुढे गेला हे आपण त्यातल्या बायका किती पुढे गेल्या यावरून मोजतो, अशा अर्थाचं बाबासाहेब तिथं बोलले. अध्यक्षस्थानी होत्या सुलोचनाबाई डोंगरे. घटस्फोटाचा हक्क हवा, एकापेक्षा जास्त बायका करण्याला बंदी हवी, कामगार बायकांना रजा हवी, असे ठराव त्या बायकांनी १९४२ मध्ये केले! बाबासाहेबांची भाषणं निदान खंडांत आली. बायकांचं बोलणं कुणी जपलं? उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून गावोगाव जाऊन या बायकांना भेटल्या, त्यांचं ऐकून घेतलं, म्हणून १९८९ मध्ये 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक झालं. नाहीतर तेही गेलं असतं.

असो. हरेगावचं काय झालं? मुलीच्या मामांच्या एका प्राध्यापक मित्राकडे तो दुसरा भाग निघाला. रविवारी आम्ही तो घेऊन तिच्या आजीसमोर बसलो. आजी ऐंशीच्या पुढच्या. त्या आईकडून ऐकलेलं सांगू लागल्या, "बाबासायबांनी हरेगावात बायांना सांगितलं, लुगडं घोट्यापोतर नेसा, अंगावरचे ते जड दागिने टाका."

मुलगी गोंधळली. हा उपदेश डिसेंबर १९२७ चा, महाडचा. तसं मी आजींना सांगितलं. त्या क्षणभर थांबल्या. म्हणाल्या, "असंल बाई महाडचं. पण माझ्या आईनं हरेगावावून आल्यावरच लुगडं खाली नेसाया घेतलं. ते काय खोटं हाय का?"

खोटं मुळीच नाही! महाडचं बोलणं बारा वर्षांनी आमच्या नगर जिल्ह्यातल्या एका माउलीच्या लुगड्याच्या काठापर्यंत पोचलं, हा केवढा मोठा पुरावा. पण भाषण कुठलं आणि आठवण कुणाची, हे वेगळं लिहून ठेवायला हवं. ते वेगळं करायचं तर मूळ मजकूर हाताशी हवा.

मुलीने तेच केलं. स्पर्धेच्या वहीत एका पानावर छापील मजकुरातला भाग, खंड आणि पान क्रमांकासकट. दुसऱ्या पानावर आजीची आठवण, आजीच्याच भाषेत.

तुम्हालाही करता येईल. गावच्या वाचनालयाला खंड मागवायला लावा, लेखी अर्ज करा. जुन्या भाषणातलं वाक्य पुढे पाठवताना तारीख आणि ठिकाण विचारा, नसेल तर पाठवू नका. हक्क संपलेलं भाषण खुशाल छापा, पण नव्या भाषांतराचा, संपादकाच्या टिपांचा आणि ध्वनिमुद्रणाचा हक्क वेगळा असतो, तेवढं बघून घ्या. आणि घरातल्या आजीचं बोलणं मोबाइलवर टिपताना आधी तिला विचारा. शब्द तिचे आहेत.

मुलीला स्पर्धेत दुसरा नंबर मिळाला. आजींनी विचारलं, "पहिला कुणाचा?" आणि मग हळूच, "माझ्या आईचं नाव घेतलंस का गं?"

घेतलं होतं.