फुप्फुसाचा कर्करोग आणि छातीतल्या गाठी

पायाला ठेच लागून जखम चिघळली म्हणजे जांघेत अवधाण येते, हे आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. अवधाण म्हणजे सुजलेली लसीका ग्रंथी. रक्तवाहिन्यांतून पाझरलेला द्रव बारीक नलिकांवाटे या ग्रंथींत गाळला जाऊन पुन्हा रक्तात मिसळतो. जंतू तेथे अडतात. आणि फुप्फुसात कर्करोग असेल, तर त्याच्या पेशीही त्याच वाटेने येऊन तेथे मुक्काम ठोकतात. जांघेतले अवधाण बोटाला लागते; फुप्फुसाच्या ग्रंथी मात्र श्वासनलिकेला बिलगून, मोठमोठ्या रक्तवाहिन्यांच्या गर्दीत बसलेल्या असतात.

मराठीत आपण मूळ अर्बुदालाही गाठ म्हणतो आणि या ग्रंथींनाही गाठच म्हणतो. त्यामुळे दवाखान्यात पुष्कळ घोटाळा होतो. 'गाठ लहान आहे' एवढे ऐकून नातेवाइकांना हायसे वाटते. पण शस्त्रक्रिया करावी की नाही, हे पुष्कळदा या दुसऱ्या गाठी ठरवतात. रोग फुप्फुसाच्या देठाशी असलेल्या ग्रंथींपुरता असेल, तर शस्त्रक्रियेचा विचार बहुधा होतो. त्याच बाजूच्या, पण श्वासनलिकेलगतच्या ग्रंथींत तो पोचला असेल, तर औषधे व किरणोपचार पुढे येतात आणि शस्त्रक्रिया निवडक रुग्णांपुरती उरते. विरुद्ध बाजूच्या किंवा गळ्याच्या आडव्या हाडावरच्या ग्रंथींत गेला, तर सुरी सामान्यतः बाजूलाच ठेवावी लागते.

मग हे ओळखायचे कसे? सीटी स्कॅनमध्ये ग्रंथीची रुंदी 1 सेंटिमीटरहून अधिक दिसली, की संशय घेतात. पण मोठी ग्रंथी निरोगी असू शकते आणि लहान ग्रंथीत रोग लपलेला असू शकतो. पेट स्कॅनची युक्ती निराळी आहे. कर्करोगाच्या पेशींना साखरेची हाव फार. म्हणून किरणोत्सर्गी फ्लोरीन जोडलेली साखर शिरेतून देतात आणि ती कोठे साठते ते पाहतात. या फ्लोरीनचे तेज सुमारे 110 मिनिटांत निम्मे होते.

परंतु आपल्या देशात येथे एक मोठी फसगत संभवते. क्षयाने सुजलेल्या ग्रंथीही ही साखर ओढून घेतात, आणि चित्रात तशाच उजळतात. केवळ चित्रावर विसंबून 'रोग पसरला' असे म्हटले, तर ज्याची शस्त्रक्रिया होऊ शकली असती असा रुग्ण तिला मुकतो. म्हणून उजळलेल्या ग्रंथीतला कण काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा, असा आमचा आग्रह आहे.

स्वीडनचे कार्लेन्स यांनी 1959 साली त्यासाठी वाट दाखवली: छातीच्या मधल्या हाडाच्या वर छोटा छेद घेऊन, श्वासनलिकेच्या पुढून नळी खाली सरकवायची आणि ग्रंथीचा तुकडा काढायचा. त्याला पूर्ण भूल लागते. या शतकाच्या आरंभापासून दुसरी सोय झाली. तोंडावाटे श्वासनलिकेत दुर्बीण घालतात. तिच्या टोकाशी सोनोग्राफीचे यंत्र असते. त्यातून भिंतीपलीकडची ग्रंथी दिसते, शेजारची रक्तवाहिनी चुकवता येते, आणि डोळ्यांदेखत सुई नेमकी आत जाते. यात क्रमही पाळतात: आधी विरुद्ध बाजूच्या ग्रंथी, मग मधल्या, शेवटी रोगाच्या जवळच्या, नाहीतर सुईला लागलेल्या पेशी पुढच्या नमुन्यात मिसळून रोग आहे त्याहून पुढे गेलेला भासेल. सुई लावली की कर्करोग पसरतो, ही समजूत आपल्याकडे फार. तिच्यापायी ही तपासणी टाळण्यात रुग्णाचेच नुकसान आहे.

सुईच्या नमुन्यात कर्करोग सापडला नाही, तर पेढे वाटण्यापूर्वी एक गोष्ट विचारावी. त्या नमुन्यात ग्रंथीच्या स्वतःच्या पांढऱ्या पेशी होत्या काय? त्या नसतील, तर सुई ग्रंथीत पोचलीच नाही, असे समजून तपासणी पुन्हा करावी. त्या असूनही संशय दाट असला, तर कार्लेन्स यांची जुनी वाट शल्यचिकित्सक आजही धरतात.