वर्गावरील तापते पत्रे व वाशांमधील फळ्या

अंबरनाथ-बदलापूरकडे समुद्राचा वारा उशिरा पोहोचतो. चैत्रात पारा कधी ४० अंशांपलीकडे जातो. पत्र्याखाली मुले पाढे म्हणतात, पण लक्ष घामाकडे असते. अशा वर्गात वाशांच्या दरम्यान ५० मिलिमीटर जाडीच्या कडक थर्माकोलच्या फळ्या बसविल्यास धग पुष्कळ अडते. उल्हासनगरच्या बाजारातून फळ्या आणविताना आग सहज न धरणारी प्रत मागावी.

खरी मेख मापात आहे. दोन वासे क्वचितच समांतर असतात. म्हणून प्रत्येक गाळ्याची रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीनदा घ्यावी. फळी मापाहून २-३ मिलिमीटर मोठी कापावी, म्हणजे ती दाबून घट्ट बसते. बोटभर फट राहिली तरी तीतून धग उतरतेच. मापांचा हिशेब मुलांकडून गणिताच्या तासाला अवश्य करवावा. शिडीवर मात्र सुतारानेच चढावे. पत्रा व फळी यांत इंचभर पोकळी ठेवून खालून आधारास रिपा ठोकाव्यात. गळती आधी बुजवावी.

थर्माकोल पेटतो व त्याचा धूर विषारी असतो. पोषण आहार शिजविण्याच्या खोलीत तो मुळीच लावू नये. वर्गातही खालून सिमेंटच्या पातळ तक्त्यांचे आच्छादन हवेच. छत जुन्या ॲस्बेस्टॉसचे असल्यास त्यास करवत वा गिरमिट लावू नये. ती धूळ फुप्फुसांस घातक असते.