ब्रुकलिनचा फैसला

१८९८ साली न्यूयॉर्क महानगरात विलीन होण्यापूर्वी ब्रुकलिन हे एक स्वतंत्र शहर होते, आणि विलीनीकरणाचे सर्व सोपस्कार यथासांग पार पडल्यावरही आपले स्वातंत्र्य गेले ही गोष्ट तेथील रहिवाशांनी मनोमन कधी मान्य केली नाही. १९५०च्या खानेसुमारीत या भागाची लोकवस्ती २७ लाखांहून अधिक भरली. आयरिश, इटालियन, ज्यू आणि अमेरिकेच्या दक्षिण भागातून पोटासाठी आलेले कृष्णवर्णीय, अशा नाना वंशांच्या त्या जनसमूहाला सर्वांनी मिळून आपली म्हणावी अशी संस्था पाहू गेल्यास एकच सापडते, ती म्हणजे एबेट्स फील्ड या १९१३ साली उघडलेल्या मैदानावर खेळणारा डॉजर्स हा बेसबॉलचा संघ. न्यूयॉर्कमध्ये त्या काळी असे तीन संघ होते. ब्राँक्समधील यांकीज हे वैभवाचे धनी. मॅनहॅटनच्या उत्तर भागात पोलो ग्राउंड्सवर खेळणारे जायंट्स हे जुने, मानी घराणे. आणि डॉजर्स हे १९५५ सालापर्यंत जागतिक अजिंक्यपदाचे तोंडही न पाहिलेले, पण ज्यांच्या एकेका खेळाडूचे गुणदोष गल्लीतल्या खाटकापासून न्यायासनावरील मुन्सफापर्यंत प्रत्येकास मुखोद्गत होते असे.

या वादप्रिय निष्ठेचे मूळ स्पर्धेच्या रचनेतच होते. १९५१ साली प्रत्येकी आठ संघांच्या दोन लीग होत्या. आपल्या लीगमधील इतर सात संघांशी प्रत्येक संघाने प्रत्येकी २२ वेळा खेळावयाचे, म्हणजे एकूण १५४ सामने. आणि अखेरीस जो अग्रस्थानी असेल त्यास ध्वज मिळावयाचा व दुसऱ्या लीगच्या ध्वजधारकाशी जागतिक अजिंक्यपदासाठी झुंजण्याचा अधिकार प्राप्त व्हावयाचा. बाद फेऱ्या नाहीत आणि दुसऱ्या क्रमांकास कसलाही दिलासा नाही. एप्रिलच्या थंडीत सुरू होऊन सप्टेंबरअखेर संपणाऱ्या या दीर्घ मोहिमेत जवळजवळ रोज सामना असे, आणि म्हणून एखाद्या खेळाडूविषयी मत देणारा माणूस एका दुपारच्या पुराव्यावर बोलत नसे. शंभर दुपारांची साक्ष त्याच्या गाठी असे. १९३९ साली डॉजर्सच्या चालकांनी, न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी आपसांत पाळलेली रेडिओबंदी मोडून रेड बार्बर या समालोचकास आणले, तेव्हापासून तर मैदानाचे दर्शनही आवश्यक उरले नाही. उन्हाळ्यात खिडक्या उघड्या असत, प्रत्येक खिडकीतून तोच आवाज येई, आणि रस्त्याने चालणारास एकही चेंडू न चुकता घरापर्यंत जाता येई.

संध्याकाळी हीच माणसे घराच्या पायऱ्यांवर, केशकर्तनालयात व मद्यालयात जमत आणि आदल्या दिवसापासून तहकूब राहिलेली चर्चा पुढे चालू होई. या चर्चेत प्रेम होते तसा दाहही होता. १९३८ साली ब्रुकलिनच्या एका मद्यालयात डॉजर्सच्या पराभवावरून सतत डिवचल्या गेलेल्या एका गृहस्थाने बाहेर जाऊन पिस्तूल आणले, गोळ्या झाडल्या आणि एक मनुष्य प्राणास मुकला. अशा उदाहरणास सर्वसामान्य नियमाची प्रतिष्ठा देणे गैर होईल. परंतु हा वाद म्हणजे केवळ रिकामटेकड्यांचा कालक्षेप होता, असे मानणाऱ्याने ते विसरूही नये.

१९५१च्या हंगामापूर्वीच एक जखम ओली होती. १९५० साली शेवटच्या दिवशी शेवटच्या सामन्यात डॉजर्स फिलाडेल्फियाकडून जादा डावात हरले. नवव्या डावात कॅल एब्रॅम्स हा विजयाची धाव घेण्यास निघाला असता घरच्या तळावर बाद झाला, आणि दहाव्या डावात डॉन न्यूकम या तरुण पिचरच्या चेंडूवर डिक सिस्लरने होमरन, म्हणजे मैदानापलीकडचा फटका, मारून ध्वज नेला. एब्रॅम्सला धावण्याचा इशारा देणाऱ्या प्रशिक्षकास नोकरी गमवावी लागली. न्यूकमची नोकरी टिकली, पण अटीतटीच्या प्रसंगी हा गळाठतो, असा शेरा त्याच्या नावापुढे पडला. या शेऱ्याकडे वाचकांनी लक्ष ठेवावे, कारण माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म तेथे आहे.

पुढच्या वर्षी ११ ऑगस्टच्या दुपारी दोन सामन्यांपैकी पहिला संपला, तेव्हा डॉजर्सचे जिंकलेले सामने ७० व हरलेले ३५ होते. जायंट्सचे अनुक्रमे ५९ व ५१. विजयांतील फरक ११, पराभवांतील १६, दोहोंची बेरीज २७ आणि तिचे निम्मे साडेतेरा: हा हिशेब ब्रुकलिनमधील शाळकरी मुलेही तोंडी करीत, आणि साडेतेरा सामन्यांची आघाडी म्हणजे ध्वज घरी आल्यासारखाच होता. जायंट्सचा व्यवस्थापक लिओ ड्युरोशर हा १९४८च्या मध्यापर्यंत डॉजर्सचाच व्यवस्थापक असल्यामुळे त्याची फजिती पाहण्यात ब्रुकलिनला विशेष गोडी होती. नंतर जायंट्सनी लागोपाठ १६ सामने जिंकले. त्या क्षणापासून शेवटपर्यंतच्या ४४ सामन्यांपैकी त्यांनी ३७ जिंकले. डॉजर्सनी ४९ पैकी २६. डॉजर्स कोसळले, हा आरोप तेव्हापासून आजतागायत चालू आहे, पण निम्म्याहून अधिक सामने जिंकणारा संघ कोसळला असे म्हणणे मला न्याय्य वाटत नाही. ३० सप्टेंबरला फिलाडेल्फियात चौदा डाव चाललेल्या सामन्यात जॅकी रॉबिन्सनने बाराव्या डावात जमिनीलगत झेपावून झेल घेतला आणि चौदाव्यात होमरन मारून संघ वाचवला नसता, तर बरोबरीही झाली नसती. दोन्ही संघ ९६ विजय व ५८ पराभवांवर थांबले आणि तीन सामन्यांची निर्णायक मालिका ठरली.

पहिला सामना जायंट्सनी ३-१ असा, दुसरा डॉजर्सनी १०-० असा जिंकला. तिसरा ३ ऑक्टोबरला पोलो ग्राउंड्सवर झाला. नवव्या डावाच्या उत्तरार्धास आरंभ झाला तेव्हा डॉजर्स ४-१ असे पुढे होते. चेंडू टाकीत होता न्यूकम. जायंट्सच्या डार्कने फटका मारून पहिला तळ गाठला. म्युलरचा फटका पहिल्या तळाच्या रक्षकापासून, गिल हॉजेसपासून, थोड्या अंतराने निसटला. अर्विन उंच झेल देऊन परतला. लॉकमनच्या दुहेरी फटक्यावर डार्कची धाव झाली, आणि म्युलर तिसऱ्या तळावर घसरताना घोटा दुखावून मैदानाबाहेर नेला गेला. ४-२; धावणारे दुसऱ्या व तिसऱ्या तळावर. व्यवस्थापक चार्ली ड्रेसनने न्यूकमला परत बोलावून राल्फ ब्रांकाला आणले. त्याच्या दुसऱ्या चेंडूवर बॉबी टॉमसनने डाव्या बाजूच्या प्रेक्षकांत होमरन मारला, तीन धावा झाल्या आणि जायंट्स ५-४ असे जिंकले.

देशाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण त्याच सप्टेंबरात शक्य झाले असल्यामुळे हे दृश्य साऱ्या अमेरिकेने पाहिले. परंतु त्यावर न्यायनिवाडा करण्याचा हक्क ब्रुकलिनने दुसऱ्या कोणास दिला नाही. हॉजेस डार्कला खिळवून ठेवण्यासाठी तळाला चिकटून का उभा राहिला? तीन धावांची आघाडी असता डार्कच्या एका धावेस किंमत नव्हती; हॉजेस मागे असता तर म्युलरचा चेंडू त्याच्या हाती पडून कदाचित दोघे बाद झाले असते. पहिला तळ मोकळा होता, तर टॉमसनला हेतुतः चार चेंडू दूर टाकून, वीस वर्षांचा व बिचकलेला विली मेज पुढे उभा होता, त्याच्याशी गाठ का घातली नाही? यास उत्तर असे की, तसे केल्यास विजयाची धाव स्वतःच्या हाताने तळावर ठेवल्यासारखे झाले असते. आणि ते उत्तर मला पटते. नाणेफेक जिंकूनही डॉजर्सनी पहिला सामना घरी घेऊन उरलेले दोन शत्रूच्या मैदानावर का जाऊ दिले? पोलो ग्राउंड्सची डावी कड अवघ्या २७९ फुटांवर, एबेट्स फील्डची त्याहून पुष्कळ दूर. टॉमसनचा तो फटका ब्रुकलिनमध्ये झेल ठरला असता, हे म्हणणे तेव्हापासून अनेकांच्या तोंडी आहे. आणि ब्रांकाच का? टॉमसनने पहिल्या सामन्यातही त्याच्याच चेंडूवर होमरन मारला होता. बाजूला सराव करणाऱ्या कार्ल अर्स्किनचा वळता चेंडू जमिनीवर आदळला, एवढे प्रशिक्षक क्लाइड स्यूकफर्थने दूरध्वनीवरून कळविले आणि ड्रेसनने ब्रांका मागितला. पुढे स्यूकफर्थ संघातून गेला, ड्रेसन राहिला. १९४५ साली रॉबिन्सनला पारखून ब्रुकलिनला आणणारा माणूस स्यूकफर्थच, हे त्या वेळी फारसे कोणी बोलून दाखविले नाही.

या सर्व गदारोळात न्यूकमचे माप त्याच्या पदरात कोणी घातले नाही. शनिवार, २९ सप्टेंबरला त्याने फिलाडेल्फियात नऊ डाव टाकून एकही धाव दिली नव्हती. रविवारी रॉबिन्सनच्या त्या चौदा डावांच्या सामन्यात तो पुन्हा उतरला आणि त्याने पाच डाव पूर्ण करून सहाव्यात दोन गडी बाद केले. बुधवारी त्याने आठ डाव संपवून नवव्यात एक गडी टिपला. पाच दिवसांत २३ डाव, ६९ गडी. चेंडू घेणारा नेहमीचा जोडीदार रॉय कॅम्पानेला दुखापतीमुळे बाहेर, आणि त्याच्या जागी बदली कॅचर. तरीही मद्यालयांतून निकाल फिरला तो असा की, न्यूकमचे अवसान पुन्हा गळाले. १९४७ साली रॉबिन्सन या कृष्णवर्णीय खेळाडूला डोक्यावर घेणारे ते लोक होते, याची जाणीव ठेवूनही मला म्हणावेसे वाटते की, भित्रेपणाचा आळ कृष्णवर्णीय पिचरला जितक्या सहजतेने चिकटला तितक्या सहजतेने तो गोऱ्याला चिकटला नसता. १९५६ साली न्यूकमने २७ सामने जिंकले, लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला, आणि सर्वोत्तम पिचरसाठी त्याच वर्षी सुरू झालेला साय यंग पुरस्कार मिळविणारा पहिला मानकरी झाला. पण त्या ऑक्टोबरात यांकीजपुढे तो लवकर परतला. मैदानाबाहेर गाड्या उभ्या करण्याच्या जागी एका माणसाने जुनाच टोमणा मारला आणि प्रकरण हातघाईवर आले. मद्याने त्याचे पुढील आयुष्य काही काळ ग्रासले. त्यातून तो निग्रहाने बाहेर पडला आणि उत्तरायुष्यात व्यसनात सापडलेल्या खेळाडूंस सावरण्याचे काम त्याने डॉजर्सच्याच आश्रयाने केले.

२००१ साली जोशुआ प्रेगर या पत्रकाराने या जुन्या खटल्याची मिसल पुन्हा उघडली. जायंट्सच्या व्यवस्थापनाने त्या उन्हाळ्यात मध्यभागी, सुमारे ४८० फुटांवर असलेल्या आपल्या खोलीच्या खिडकीत दुर्बीण लावली होती. कॅचरच्या बोटांचे इशारे पाहून विजेच्या घंटीने ते मैदानाच्या कडेस बसलेल्या राखीव खेळाडूंस कळविले जात, आणि तेथील हालचालीवरून कोणता चेंडू येणार हे फलंदाजास समजे. ती तार जोडणारा वीजतंत्री स्वतः डॉजर्सचा चाहता होता. इशारे मिळत असत हे टॉमसनने मान्य केले. त्या चेंडूचा इशारा घेतला नाही, या म्हणण्यावर तो ठाम राहिला. ब्रांकाच्या कानी ही गोष्ट १९५४ सालीच आली होती, पण रडगाणे गाणारा म्हणवून घेण्याची त्याची इच्छा नव्हती, म्हणून तो सत्तेचाळीस वर्षे गप्प राहिला. चाहत्यांचा वाद यामुळे मिटला नाही. दुर्बीण लागल्यानंतर जायंट्सची स्वतःच्या मैदानावरील फलंदाजी सुधारण्याऐवजी किंचित खालावली आणि बाहेरगावची सुधारली, असे नोंदी दाखवितात. ज्या मैदानावर दुर्बीण होती तेथेच निर्णायक मालिकेच्या दुसऱ्या सामन्यात डॉजर्सचा पिचर लबीन याने त्यांना शून्यावर रोखले होते. माझ्यापुरते मी असे मानतो की, लबाडी ती लबाडीच, पण ३७ विजयांचा मोठा भाग मॅग्ली व जॅन्सन या त्यांच्या पिचरांच्या हातांनी कमावला होता.

चाहत्यांच्या ममतेचे दुसरे टोक पाहावयाचे तर हॉजेसकडे पाहावे. १९५२च्या जागतिक मालिकेत २१ प्रयत्नांत त्यास एकही फटका मिळाला नाही, आणि पुढील वसंतातही त्याची बॅट मुकी राहिली. त्यास पत्रे आली, ताईत आले. ब्रुकलिनमधील एका धर्मोपदेशकाने उकाड्यामुळे प्रवचन आटोपते घेऊन लोकांस घरी पाठविले आणि हॉजेससाठी प्रार्थना करण्यास सांगितले. अपयशी माणसाला इतक्या मायेने उचलून धरणारा समाज विरळा. रॉबिन्सन, कॅम्पानेला, रीझ, स्नायडर हे त्याचे सहकारी कूपर्सटाउनच्या बेसबॉल कीर्तिमंदिरात पूर्वीच गेले होते. हॉजेससाठी चाहत्यांनी दशकानुदशके अर्ज-विनंत्या केल्या आणि २०२२ साली, त्याच्या मृत्यूनंतर पन्नास वर्षांनी, तोही दाखल झाला.

न्यूकम २०१९ साली वारला. त्याचे नाव तेथे नाही. त्याचे विजय १४९ वर थांबले, ही संख्या अपुरी आहे असे विरोधकांचे म्हणणे. परंतु ऐन उमेदीतील १९५२ व १९५३ ही दोन पूर्ण वर्षे त्याने सैन्यात काढली, आणि तत्पूर्वी वर्णभेदामुळे कृष्णवर्णीयांच्या वेगळ्या लीगमधून त्यास सुरुवात करावी लागली. ही वर्षे आणि ते २३ डाव हिशेबात धरूनच त्याचा निवाडा व्हावा, आणि तसा तो झाला तर न्यूकमची जागा कॅम्पानेलाच्या शेजारी आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.