सायकलचं हँडल कटकट करतंय? हेडसेटचं बेअरिंग बदलण्याआधी एवढं बघा

पावसाळा सरला की गिअरवाली सायकल असलेल्या घरांत एक तक्रार हमखास येते. "अब्बा, हँडल कटकट करतंय." सायकल नाक्यावरच्या मिस्त्रीकडे जाते. तो वरचा नट आवळून देतो. आठवडाभर बरं चालतं, मग पुन्हा तेच. शेवटी बेअरिंग बदललं जातं आणि पुढच्या पावसाळ्यानंतर ते नवं बेअरिंगसुद्धा गंजलेलं निघतं.

प्रश्न फक्त पैशांचा नाही. हँडलचा हा सांधा ढिला असेल, तर उतारावर पुढचा ब्रेक दाबताच पुढचं चाक थरथरतं. अडकत असेल, तर खड्डा चुकवताना मुलाला सायकल हवी तशी वळवता येत नाही. शाळा, क्लास, मकतब, सगळीकडे मुलं याच सायकलवर जातात. म्हणून माउंटन बाइकचं हे बेअरिंग खराब का होतं आणि टिकणारं कसं निवडायचं, ते नीट समजून घेऊ.

हे बेअरिंग असतं कुठे?

सायकलच्या पुढच्या चिमट्याची नळी फ्रेमच्या पुढच्या उभ्या नळीतून वर जाते आणि हँडलला जोडली जाते. त्या उभ्या नळीच्या वरच्या टोकाला एक आणि खालच्या टोकाला एक, अशी दोन बेअरिंग असतात. या सगळ्या जुळणीला हेडसेट म्हणतात.

चाकातलं बेअरिंग गोल गोल फिरत राहतं. हेडसेटचं तसं नाही. ते फक्त थोडं डावीकडे, थोडं उजवीकडे हलतं. सायकल बहुतेक वेळ सरळ चालते, त्यामुळे आतले छर्रे एकाच जागी बसून रस्त्याचे सगळे दणके खातात. त्या जागचं ग्रीस बाजूला सरकतं आणि धातूवर बारीक खळगे पडतात. मग हँडल बरोबर मधोमध आलं की 'कट्' करून खळग्यात बसतं. असं झालं की नट आवळून काही फायदा नाही. उलट दाब वाढतो आणि खळगे आणखी खोल होतात.

दोन्हींपैकी खालचं बेअरिंग लवकर जातं. त्यावर दणका जास्त, आणि पुढच्या चाकाने उडवलेलं पाणी, चिखल थेट तिथेच. कोकणपट्टीत तर वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस, जांभ्याची लाल माती आणि समुद्राची खारी हवा, तिन्ही एकत्र.

घरच्या घरी तपासणी

दोन मिनिटांचं काम आहे. पुढचा ब्रेक घट्ट दाबा, दुसऱ्या हाताची बोटं फ्रेम आणि चिमट्याच्या सांध्यावर ठेवा आणि सायकल पुढे-मागे हलवा. सांध्यात टकटक जाणवली तर हेडसेट ढिला आहे. मग पुढचं चाक जमिनीपासून उचला आणि हँडल सावकाश वळवा. ते मऊ फिरलं पाहिजे. खरखर आली तर आत गंज किंवा माती आहे. मधोमध अडकलं तर बेअरिंग बदलायची वेळ आली.

फक्त ढिलं असेल, खरखर किंवा अडकणं नसेल, तर नीट आवळून भागतं. नवं बेअरिंग घ्यायची गरज नाही.

आधी ओळखा: सुटे छर्रे की बंद बेअरिंग?

स्वस्त गिअरवाल्या सायकलींत बहुतेकदा पत्र्याच्या गोल जाळीत बसवलेले छर्रे असतात आणि ते वाटीसारख्या कपात फिरतात. छर्ऱ्याचा आकार बहुधा ५/३२ इंच असतो. हा प्रकार कमी खर्चाचा, आणि जवळपास कुठल्याही मिस्त्रीला जमणारा. पण पाणी अडवायला त्यात फारसं काही नसतं. छर्रे बदलताना कपाच्या आतून बोट किंवा नख फिरवून बघा. खळगे लागले तर नुसते छर्रे बदलू नका. खराब कपात नवे छर्रे फार दिवस टिकत नाहीत. अशा वेळी कपांसकट पूर्ण हेडसेट बदलणं शेवटी स्वस्त पडतं. त्याच मापात बंद बेअरिंगवाला हेडसेट मिळत असेल, तर तो घेतलेला उत्तम.

थोड्या वरच्या दर्जाच्या सायकलींत बंद बेअरिंग असतं. म्हणजे आतली कडी, बाहेरची कडी, मधले छर्रे आणि वर रबराचं झाकण, सगळं एकत्र. ते अख्खंच काढायचं आणि अख्खंच बदलायचं.

०.८ मिलिमीटरचा घोटाळा

सर्वात जास्त पैसे इथे वाया जातात. हेडसेटची बेअरिंग दिसायला सारखी, पण मापं वेगळी. चिमट्याची नळी वर बहुधा सव्वा इंचापेक्षा किंचित बारीक, म्हणजे १ १/८ इंच, २८.६ मिलिमीटर असते. काही सायकलींत ती खालपर्यंत तेवढीच राहते, तर अनेक नव्या माउंटन बाइकमध्ये खाली दीड इंचापर्यंत रुंद होत जाते. म्हणजे वरचं आणि खालचं बेअरिंग एकाच मापाचं असेलच असं नाही.

वरच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास कुठे ४१ मिलिमीटर, तर कुठे ४१.८ मिलिमीटर असतो. फरक फक्त ०.८ मिलिमीटर, डोळ्यांना दिसतही नाही. पण ४१ चं बेअरिंग ४१.८ च्या जागेत बसवलं तर ते आत हलत राहतं आणि सोबत फ्रेमचीही झीज करतं. खाली दीड इंची नळी असेल तर बाहेरचा व्यास बहुधा ५२ मिलिमीटर असतो.

शिवाय कोन वेगळा. या बेअरिंगच्या आतल्या आणि बाहेरच्या कडेला उतरता काप असतो. बाहेरचा काप बहुधा ४५ अंशांचा, आतला ३६ किंवा ४५ अंशांचा. चिमट्यावरच्या कडीचा कोन त्याच्याशी जुळलाच पाहिजे. जुळला नाही तर सगळा भार एका बारीक रेषेवर येतो आणि महागातलं बेअरिंगही लवकर जातं.

म्हणून नियम सोपा: जुनं बेअरिंग हातात घेतल्याशिवाय नवं मागवू नका. जुन्याच्या कडेवर किंवा रबरी झाकणावर मापं आणि कोन बहुधा छापलेले असतात, उदाहरणार्थ '३६x४५'. ते पुसून वाचा, मोबाइलवर फोटो काढा. अक्षरं गेली असतील तर व्हर्नियर कॅलिपरने आतला व्यास, बाहेरचा व्यास आणि उंची, तिन्ही मोजा. शाळेची पट्टी इथे चालत नाही.

आणखी एक सावधगिरी. औद्योगिक बेअरिंगच्या दुकानात जुनं बेअरिंग दाखवलं, तर कुणी '६८०६' नंबरचं काढून देईल. त्याचं माप ३० x ४२ x ७ मिलिमीटर, म्हणजे हेडसेटच्या बेअरिंगच्या अगदी जवळ. पण त्याला उतरता काप नसतो आणि ते वरून-खालून येणारा दणका झेलण्यासाठी बनवलेलं नसतं. स्वस्त मिळालं तरी घेऊ नका.

टिकाऊपणा कशात असतो?

बऱ्याच जणांना वाटतं, महाग धातू म्हणजे जास्त टिकाऊ. हेडसेटच्या बाबतीत आधी बघायचं ते झाकण. दोन्ही बाजूंना रबराचं, कडेला नीट टेकणारं झाकण हवं. नुसतं पत्र्याचं झाकण धूळ थोडीफार अडवतं, पाणी अडवत नाही.

दुसरं ग्रीस. हे बेअरिंग वेगाने फिरत नाही, त्यामुळे आत ग्रीस भरपूर असलं तरी बिघडत नाही. उलट ते पाण्याला जागाच ठेवत नाही. पाण्यात न धुपणारं, बोटींसाठी वापरतात तसं ग्रीस उत्तम. काही नव्या बेअरिंगमध्ये ग्रीस फारच कमी असतं. पातळ टोकाने झाकण अलगद उचलून ते भरता येतं.

धातू तिसऱ्या नंबरवर. साधं क्रोम स्टील कडक असतं, पण गंजतं. स्टेनलेस किंचित कमी कडक, पण गंजाला चांगलं तोंड देतं. किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी निदान खालचं बेअरिंग स्टेनलेसचं घ्यावं. इथे एक गैरसमज: 'चुंबक चिकटलं म्हणजे स्टेनलेस नाही.' भांड्यांच्या बाबतीत ही परीक्षा काही प्रमाणात चालते. बेअरिंगसाठी वापरलं जाणारं कडक स्टेनलेस मात्र चुंबकाला चिकटतं. तेव्हा त्यावरून माल नाकारू नका.

सिरॅमिक छर्ऱ्यांवर पैसे घालवू नका. त्यांचा फायदा वेगाने फिरणाऱ्या जागी. हेडसेट फिरतच नाही, आणि छर्रे सिरॅमिकचे असले तरी त्यांच्या कड्या स्टीलच्याच असतात.

बसवताना

बंद बेअरिंग आपल्या जागेत हाताने बसलं पाहिजे. हातोडी लागत असेल तर माप चुकलंय किंवा जागेत घाण आहे. बसवण्याआधी जागा पुसून ग्रीसचा पातळ थर द्या. जाळीतल्या छर्ऱ्यांना उलट-सुलट बाजू असते, म्हणून उघडतानाच फोटो काढून ठेवा. उलटी बसली तर जाळी चेपते.

चूडीविरहित, म्हणजे नव्या पद्धतीच्या हेडसेटमध्ये वरच्या टोपीचा बोल्ट हँडल धरून ठेवण्यासाठी नसतो. तो फक्त बेअरिंगमधला ढिलेपणा काढतो. आधी हँडलच्या दांड्याचे बाजूचे बोल्ट सैल करा, मग वरचा बोल्ट थोडा थोडा आवळा. ढिलेपणा गेला आणि हँडल मोकळं फिरतंय, एवढ्यावर थांबा. त्यानंतर हँडल सरळ करून बाजूचे बोल्ट त्यांच्यावर लिहिलेल्या जोरात आवळा. ते सैल राहिले तर हँडल वळेल, पण चाक वळणार नाही. पहिल्या एक-दोन फेऱ्यांनंतर ब्रेकवाली तपासणी पुन्हा करा.

बसवल्यानंतर

पुढचं मडगार्ड लावा. खालच्या बेअरिंगसाठी याहून स्वस्त संरक्षण नाही. सर्व्हिसिंग सेंटरवर गाड्यांसोबत सायकलवर जोराच्या पाण्याचा फवारा मारू नका, विशेषतः या सांध्यावर. बादली आणि फडकं पुरेसं. गंज काढायचा स्प्रे किंवा रॉकेल सांध्यात सोडू नका, आतलं ग्रीस निघून जातं. पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा हेडसेट उघडून, पुसून, ग्रीस लावून घ्या.

आपल्याकडे सायकल एका मुलाची राहत नाही. थोरल्याकडून धाकट्याकडे, मग मामूच्या मुलाकडे, कधी गरजू विद्यार्थ्याला सदका म्हणून जाते. नीट चालणारी सायकल थोड्या दुरुस्तीअभावी भंगारात टाकणं हा इस्राफच आहे. पण ती दुसऱ्या मुलाच्या हातात देताना आधी पुढचा ब्रेक दाबून सांधा तपासा. टकटक किंवा खरखर असेल तर बेअरिंग बदलूनच द्या. उतारावर ते मूल त्याच हँडलच्या भरवशावर असणार आहे.