सरकारी कागदात दरोडेखोर, कादंबरीत नायक: अण्णाभाऊंचा ‘फकिरा’ काय सांगतो?

इंग्रज अमदानी, वारणेचं खोरं, घोडा, तलवार आणि लुटलेला खजिना. अण्णाभाऊ साठेंच्या ‘फकिरा’त (१९५९) थरार भरपूर आहे. पण खरा मुद्दा वेगळा आहे.

अण्णाभाऊ वाटेगावचे, जन्म १९२०चा. गाव तेव्हा सातारा जिल्ह्यात होतं. १९४९ला दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६०ला त्याचं नाव सांगली झालं.

कादंबरीतला फकिरा मांग समाजातला. दुष्काळात माणसं उपाशी मरू लागतात, तेव्हा तो धान्य आणि सरकारी खजिना लुटतो. सरकार त्याला दरोडेखोर म्हणतं. पण मांगांवर तर आधीपासूनच पोलिसांची हजेरी लादलेली असते. म्हणजे गुन्हा नंतर, संशय आधी!

हे कल्पनेतलं नाही. १८७१ला उत्तर हिंदुस्थानात आलेला गुन्हेगार जमाती कायदा पुढे देशभर पसरला. त्यानुसार अख्खी जमातच गुन्हेगार ठरवता येई. नोंदणी करा, हजेरी द्या, परवान्याशिवाय बाहेर पडू नका.

हा कायदा १९५२ला रद्द झाला, शिक्का मात्र पुसला नाही. सातच वर्षांनी अण्णाभाऊंनी तोच शिक्का बसलेल्या माणसाला नायक केलं आणि कादंबरी बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली.